सिंहस्थाचा गुरू आणि त्याच्या चंद्रांचे गणित

(नाशिक येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२९ ऑगस्ट २०१५ रोजी नाशिकच्या रामकुंडावर सिंहस्थ कुंभमेळ्यातील पहिले शाही स्नान झाले. त्या पहाटे गोदावरीच्या काठी लोटलेल्या अफाट जनसमुदायापैकी एखाद्याने मान वर करून गुरू ग्रह शोधला असता, तर तो त्याला सापडला नसता. श्रावणातील ढग हे त्याचे एक कारण खरे. पण आकाश निरभ्र असते तरीही गुरू दिसला नसताच. तीनच दिवसांपूर्वी, २६ ऑगस्टला, गुरू व सूर्य यांची युती झाली होती. पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या पलीकडे, त्याच्या तेजात बुडालेला होता. यात योगायोग फारसा नाही. गुरूबरोबर सूर्यही सिंह राशीत येतो, त्या सुमारासच नाशिक-त्र्यंबकेश्वरची मुख्य स्नाने होतात. ज्याच्या सिंह राशीतील आगमनाने लक्षावधी माणसे गोदाकाठी येतात, तो ग्रह ऐन मुहूर्तावर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. त्याचे स्थान लोकांना कळते ते डोळ्यांनी नव्हे, पंचांगकर्त्याच्या गणिताने.

हे गणितही वरवर वाटते तितके सोपे नाही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात गुरूला सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास ११.८६ वर्षे लागतात. बारा वर्षांच्या हिशेबाला प्रत्येक फेरीत सुमारे पन्नास दिवस कमी पडतात, आणि सात फेऱ्यांत ही तूट साठत जाऊन एका वर्षाची होते. म्हणून १९५६, १९६८, १९८० असे बारा-बारा वर्षांनी आलेले सिंहस्थ पुढे १९९१ साली, म्हणजे अकराच वर्षांनी आले. आणि तेथून पुन्हा २००३, २०१५, २०२७ असा क्रम लागला. शिवाय सिंह रास नेमकी कोठे सुरू होते, हाही वादाचा विषय होता. आकाशात राशींच्या बांधावर दगड रोवलेले नाहीत. चित्रा तारा प्रमाण मानणारे आणि रेवतीची योगतारा प्रमाण मानणारे असे दोन पक्ष महाराष्ट्रात होते. दोघांच्या राश्यारंभात सुमारे चार अंशांचा फरक पडतो. गुरू वर्षाला सरासरी तीसच अंश चालत असल्याने, एका पंचांगात तो सिंहेत शिरल्यावर दुसऱ्यात शिरण्यास सुमारे दीड महिन्याचे अंतर पडू शकते. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे पंचायत सदस्यांना परिचित आहेत. हा आकाशातील बांधाचा दावा तितकाच चिवट होता.

चित्रापक्षाचे अध्वर्यू वेंकटेश बापूजी केतकर हे होते. १८५४ साली आजच्या कर्नाटकातील नरगुंद येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण खात्यात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि त्यांचा मोठा काळ बागलकोट-विजापूरच्या बाजूस गेला. ‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ व ‘नक्षत्रविज्ञान’ हे मराठी पुस्तक अभ्यासकांना माहीत आहेत. पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसलाच पाहिजे, नाहीतर गणित सुधारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९५५ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा चित्रापक्षाशी जुळणारेच अयनांश स्वीकारले गेले. परंतु या व्याख्यानात केतकरांचे स्मरण पंचांगासाठी नाही. गुरूच्या चंद्रांच्या गणितावर विसंबून त्यांनी १९११ साली एक धाडसी विधान केले होते. ते समजून घ्यायचे, तर आधी त्या चंद्रांकडे वळले पाहिजे.

७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने आपली नवी दुर्बीण गुरूकडे वळवली, तेव्हा त्याला ग्रहालगत एका ओळीत तीन ठिपके दिसले. आठवडाभरात चौथाही दिसला. रोज रात्री ते जागा बदलत, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जात, मधूनच एखादा नाहीसा होई. पण गुरूला सोडून कोणी जात नसे. ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हे गॅलिलिओने ओळखले. सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का होता. आतून बाहेर त्यांची नावे आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. पुढे १६७६ साली रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने आयोची ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा वा लवकर होतात, हे पाहून प्रकाशालाही प्रवासास वेळ लागतो, असा निष्कर्ष काढला. चार ठिपक्यांच्या नोंदवहीतून प्रकाशाचा वेग हाती आला.

आता त्यांच्या परिभ्रमणाचे काल पाहावेत. आयो १.७६९ दिवसांत, युरोपा ३.५५१ दिवसांत, गॅनिमीड ७.१५५ दिवसांत आणि कॅलिस्टो १६.६८९ दिवसांत गुरूची प्रदक्षिणा करतो. पहिल्या तीन आकड्यांकडे लक्ष दिले, तर प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. पण ‘जवळजवळ’ या शब्दावर थांबणारा गणिती नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या लाप्लासने त्या शब्दामागे काय दडले आहे, ते शोधून काढले.

फळ्यावर मांडता येईल असा हा हिशेब आहे. आयो एका दिवसात २०३.४८९ अंश चालतो, युरोपा १०१.३७५ अंश आणि गॅनिमीड ५०.३१८ अंश. युरोपाच्या गतीची दुप्पट आयोच्या गतीतून वजा केली, तर ०.७३९ अंश उरतो. गॅनिमीडच्या गतीची दुप्पट युरोपाच्या गतीतून वजा केली, तरी ०.७३९ अंशच उरतो. दोन्ही जोड्या दुपटीला चुकतात, पण अगदी सारख्या मापाने चुकतात. दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर आयोच्या गतीत गॅनिमीडच्या गतीची दुप्पट मिळवावी: ३०४.१२५. युरोपाची गती तिप्पट करावी: ३०४.१२५. हा मेळ तात्पुरता नाही. तिन्ही चंद्र एकमेकांना ओढून तो सतत सांभाळतात. त्यामुळे तिघे एकाच बाजूला एका रेषेत कधीही येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड एका रेषेत आले, की आयो नेमका गुरूच्या दुसऱ्या अंगाला असतो.

हा मेळ का टिकतो? नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आठवावा. झोका देणारी मुलगी अंगात फार जोर असलेली नसते. पण झोका मागे आला की नेमक्या क्षणी ती हात लावते, आणि पाचदहा हलक्या धक्क्यांत झोका फांदीपर्यंत चढतो. तोच हात अवेळी लागला, तर झोका अडतो. चंद्रांची एकमेकांवरील ओढ अशीच क्षीण आहे. गुरूच्या ओढीपुढे ती नगण्य म्हणावी. पण ती ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी, पुन्हा पुन्हा लागते. धक्का वेळेवर पडत राहिला, की त्याचा परिणाम साठत जातो. याला शास्त्रात अनुस्पंदन असे नाव आहे.

केतकरांनी हा लाप्लासचा नियम अभ्यासला होता. त्यांच्या पिढीच्या मनावर १८४६ सालच्या एका घटनेचा फार मोठा ठसा होता. युरेनसच्या, म्हणजे प्रजापतीच्या चालीतील अनियमितपणावरून फ्रान्सच्या ल व्हेर्येने कागदावर एका अज्ञात ग्रहाचे स्थान काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत त्या स्थानाजवळ नेपच्यून, म्हणजे वरुण, खरोखरच सापडला. दुर्बिणीआधी लेखणीने ग्रह शोधता येतो, हे सिद्ध झाले. मग वरुणाच्याही पलीकडे काही असेल काय? केतकरांनी असा विचार केला की, गुरूचे चंद्र ज्या मेळाने बांधलेले आहेत, तसाच मेळ सूर्यमालेच्या टोकाकडील ग्रहांतही असावा. त्या आधारे त्यांनी वरुणापलीकडे दोन ग्रह असल्याचे भाकीत केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. हा लेख मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलीय संस्थेच्या मासिकात प्रसिद्ध झाला. त्यात ब्रह्मा या ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि परिभ्रमणकाल २४२.२८ वर्षे दिला होता.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बो या तरुणाला प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.४८ पट निघाले आणि परिभ्रमणकाल सुमारे २४८ वर्षे. अंतरात केतकरांची चूक दीड टक्क्याच्याही आतली, कालात सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. त्याच १९३० साली केतकरांचे निधन झाले.

येथवर ऐकून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि ‘प्लूटोचा शोध एका मराठी शिक्षकाने लावला’ असे वाक्य भाषणांतून व भित्तिपत्रकांतून ऐकू येते तेही याच अभिमानापोटी. पण सभेत बसलेल्या गणिताच्या शिक्षकांना एक प्रश्न रोज पडत असतो. मुलाचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळते; मात्र रीत तपासली तर ती चुकलेली असते. गुण किती द्यायचे?

केतकरांचे उत्तर जुळले, रीत जुळत नाही. युरेनस व नेपच्यून यांच्यात आणि त्यांच्या पलीकडील कोणत्याही ग्रहात आयो-युरोपा-गॅनिमीड यांच्यासारखा तिहेरी मेळ नाही. विष्णू हा दुसरा ग्रह कधीच सापडला नाही. शिवाय अंतर आणि काल एवढ्या दोनच गोष्टींवरून दुर्बीण आकाशात कोठे रोखावी, हे कळत नाही. टॉम्बोला प्लूटो सापडला तो वेगवेगळ्या रात्रींच्या छायाचित्रांची चिकाटीने तुलना करून. यात केतकर एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ज्या पर्सिव्हल लॉवेलच्या वेधशाळेत प्लूटो सापडला, त्याचेही भाकीत असेच निराधार ठरले. युरेनसच्या चालीत उरलेला अनियमितपणा एका मोठ्या ग्रहामुळे आहे, असे लॉवेल मानत होता. पण १९७८ साली प्लूटोचा चंद्र सापडल्यावर प्लूटोचे वजन करता आले, आणि ते पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्श्याएवढे भरले. एवढासा गोळा युरेनसला हलवणार कसा? १९८९ साली व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेले, त्याचे वस्तुमान नेमके कळले, आणि हिशेबातील तो अनियमितपणाच नाहीसा झाला. लॉवेलचा कोट्यधीश वारसा, त्याची स्वतःची वेधशाळा आणि बागलकोटकडील मास्तरांचा कागद, दोहोंना आकाशाने एकाच मापाने मोजले.

तरीही केतकरांना शून्य गुण देता येत नाहीत. त्यांनी विधान संदिग्ध ठेवले नाही. दशांश चिन्हापर्यंत आकडे लिहून, परक्या भाषेतील मासिकात, जगातील कोणीही तपासू शकेल अशा ठिकाणी छापले. आपले आकडे खोटे ठरण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. भविष्यकथनाचा जो व्यवसाय ग्रहांच्या नावावर चालतो, त्यात हे धैर्य क्वचितच आढळते.

रीत आणि उत्तर दोन्ही बरोबर आल्याचे उदाहरण पाहायचे, तर पुन्हा गुरूच्या चंद्रांकडेच यावे लागते. आयो हा आकाराने आपल्या चंद्राएवढा. एवढा लहान गोळा केव्हाच थंड होऊन निपचित पडलेला असणार, असे बहुतेकांना वाटत होते. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी वेगळा हिशेब मांडला. युरोपाच्या वेळेवर बसणाऱ्या धक्क्यांमुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही. तो गुरूच्या किंचित जवळ येतो, किंचित दूर जातो. पृथ्वीवर समुद्राला भरती येते. आयोवर खडकालाच भरती येते आणि जमीन शंभर मीटरच्या आसपास वरखाली होते. लोखंडी तार हातात धरून मागेपुढे वाकवत राहिले, की वाकण्याच्या जागी ती तापते. तसा आयो दर पावणेदोन दिवसांनी वाकवला जात आहे, तेव्हा त्याचा अंतर्भाग वितळलेला असला पाहिजे आणि पृष्ठभागावर ज्वालामुखी असू शकतील. हा निबंध २ मार्च १९७९ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. व्हॉयेजर-१ यान ५ मार्चला गुरूजवळून गेले. ८ मार्चला यानाच्या मार्गाची तपासणी करण्यासाठी घेतलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबितो या अभियंतीला आयोच्या कडेवर छत्रीसारखा उंच उसळलेला फवारा दिसला. तो ज्वालामुखीचा होता. पृथ्वीबाहेर पेटता ज्वालामुखी माणसाने प्रथमच पाहिला, आणि भाकीत छापून आठवडाही लोटला नव्हता.

युरोपा आयोहून दूर, म्हणून त्याचे वाकणे कमी. तो बर्फाच्या कवचाने झाकलेला आहे आणि त्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असल्याचे भक्कम पुरावे आहेत. ते पाणी गोठू न देण्याचे कामही याच भरतीओहोटीच्या उष्णतेचे. त्याच्या अभ्यासासाठी युरोपीय संस्थेचे ‘ज्यूस’ हे यान एप्रिल २०२३ मध्ये व अमेरिकेचे ‘युरोपा क्लिपर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले. मेळाबाहेर राहिलेला चौथा कॅलिस्टो मात्र खड्ड्यांनी भरलेला, थंड आणि निश्चल आहे. भावंडांच्या ओढाताणीत जो सापडला नाही, तो तसाच राहिला.

हे चंद्र आले कोठून? याचे उत्तर त्यांच्या घनतेत दडले आहे. पाण्याची घनता एक धरली, तर आयोची साडेतीन, युरोपाची तीन, गॅनिमीडची १.९ आणि कॅलिस्टोची १.८ भरते. जो जवळचा तो दगडाचा, जो दूरचा त्यात अर्ध्याच्या आसपास बर्फ. गुरू तयार होत असताना त्याच्याभोवती वायू व धूळ यांची एक तबकडी फिरत होती आणि मधला गुरू तेव्हा तापलेला होता. चुलीजवळ पाणी टिकत नाही. तसे आतल्या भागात बर्फ साठू शकला नाही, बाहेर साठला. त्या तबकडीतील कण एकत्र येत चंद्र घडले. सूर्यमालेचीच ही लहान प्रतिकृती होय. विलक्षण गोष्ट अशी की गुरू, शनी व युरेनस या तिन्ही ग्रहांच्या चंद्रांचे एकूण वस्तुमान त्या त्या ग्रहाच्या सुमारे दहाहजाराव्या हिश्श्याएवढेच भरते. कॅनप आणि वॉर्ड यांनी २००६ साली त्याची उपपत्ती मांडली. तबकडीतील वायूच्या अडथळ्याने घडलेले चंद्र आत सरकत आणि ग्रहात पडून नष्ट होत, नवे घडत. तबकडी विरून गेली तेव्हा जे शिल्लक होते, ते आज दिसतात. म्हणजे गॅलिलिओने पाहिलेले चार ही बहुधा शेवटची पिढी. आधीच्या पिढ्या गुरूच्या पोटात आहेत. तिघांचा मेळ जन्माच्या वेळी आत सरकतानाच जुळला, की पुढे भरतीओहोटीने आयो बाहेर ढकलला जाऊन एकेकाला गाठत गेला, यावर दोन मते आहेत आणि दोहोंच्या बाजूने चांगली गणिते आहेत.

सगळेच चंद्र घरचे नाहीत. शनीच्या चंद्रांची संख्या मार्च २०२५ मध्ये २७४ वर गेली, त्यांतले बहुसंख्य काही किलोमीटरचे, फार दूरवरून तिरकस आणि उलट्या दिशेने फिरणारे आहेत. जो चंद्र ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो, तो त्याच तबकडीत जन्मलेला असणे कठीण. ही बाहेरून आलेली, ग्रहाने धरून ठेवलेली मंडळी. त्यांत सर्वांत मोठा नेपच्यूनचा ट्रायटन. नेपच्यून सापडल्यावर सतराच दिवसांनी लॅसेलला तो दिसला. तो उलटा फिरतो, म्हणून भरतीओहोटीची ओढ त्याला हळूहळू नेपच्यूनकडे आणत आहे. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांनी तो फुटेल, आणि त्याची वलये होतील. याच्या उलट शनीचा टायटन दूर जात आहे: वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटर, असे २०२० साली जाहीर झालेल्या मोजमापांवरून दिसते. पूर्वीच्या अंदाजाच्या हा वेग शंभरपट आहे.

शनीच्या दोन लहान चंद्रांचा, जानस व एपिमिथियस यांचा, व्यवहार पाटपाण्याच्या पाळीवरून रात्री जागवणाऱ्या गावांना चटकन उमगेल. दोघांच्या कक्षांत जेमतेम ५० किलोमीटरचे अंतर, आणि दोघांचेही आकार त्याहून मोठे. आतला थोडा वेगाने फिरतो व मागून बाहेरच्याला गाठतो. टक्कर अटळ वाटते. पण जवळ येताच मागचा पुढच्याकडे ओढला जाऊन बाहेरच्या कक्षेत चढतो, पुढचा मागे ओढला जाऊन आत उतरतो, आणि दोघे दूर होऊ लागतात. सुमारे चार वर्षांनी पुन्हा गाठ पडते, पुन्हा अदलाबदल होते. ना पंच, ना पंचनामा.

प्लूटोची गोष्ट अजून थोडी बाकी आहे. १९६५ च्या सुमारास कोहेन व हबर्ड यांनी संगणकावर प्लूटोची कक्षा लाखभर वर्षांहून अधिक काळ चालवून पाहिली. तेव्हा असे दिसले की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात, आणि हा मेळ सुटत नाही. म्हणूनच प्लूटो कधी कधी नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येत असूनही, १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षे तो आत होता, दोघे एकमेकांजवळ फिरकत नाहीत. हा मेळ कसा जुळला? आय. आय. टी. दिल्लीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ साली त्याचे उत्तर दिले. नेपच्यून आजच्या जागी जन्मला नाही. तो आतून हळूहळू बाहेर सरकत आला आणि वाटेत प्लूटोला या तालात पकडून बरोबर घेऊन गेला. तसे असेल, तर प्लूटोसारखेच आणखी अनेक गोळे त्याच तालात सापडले पाहिजेत. ते पुढे सापडले. प्लूटो हा अनेकांतला एक निघाला, आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी त्याची ग्रहांच्या यादीतून गणना बंद झाली, त्यामागे हेही एक कारण होते.

सूर्यमालेच्या टोकाशी अनुस्पंदन आहे, हे केतकरांचे मूळ गृहीत अशा रीतीने खरे ठरले. ते त्यांनी मानले त्या ग्रहांत नाही, मानले त्या स्वरूपात नाही, पण आहे. परीक्षकाने यासाठी दोन गुण वाढवावेत की नाहीत, हे त्याने ठरवावे.

एवढे ऐकल्यावर शाळेत काय करता येईल, असे शिक्षक विचारतील. गुरू सिंहेत असताना श्रावण-भाद्रपदात दिसत नाही, पण तोच माघ-फाल्गुनात, सूर्य कुंभेत गेला की, समोरासमोर येतो आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आकाशात असतो. गेल्या सिंहस्थात ७ मार्च २०१६ रोजी महाशिवरात्र होती आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, गुरू सूर्याच्या बरोबर समोर आला. त्या रात्री त्र्यंबकेश्वरी दर्शनाच्या रांगेत जागरण करणाऱ्यांच्या डोक्यावर, चंद्र नसलेल्या आकाशात, मध्यरात्री सर्वांत तेजस्वी दिसणारा ठिपका गुरूचा होता. शाही स्नानाच्या पहाटे जो हरवला होता, तो हाच. सिंहस्थाखेरीजच्या वर्षीही तो काही महिने असा दिसतोच. फक्त महिना दरसाल पुढे सरकतो. त्याला पाहण्यास फार काळोख लागत नाही, गावातील दिव्यांचीही अडचण होत नाही. दहा पटींची साधी दोन डोळ्यांची दुर्बीण कुंपणाच्या भिंतीवर टेकवून धरली, तर चार चंद्र दिसतात.

निरीक्षणाची तिथी मात्र विचारपूर्वक निवडावी. गावचा आठवडे बाजार ज्या वारी भरतो, त्या रात्री आठ वाजता मुलांनी गुरू मध्ये काढून चारही ठिपके वहीत मांडावेत. पुढच्या बाजाराच्या रात्री, त्याच वेळी, पुन्हा मांडावेत. सात दिवसांत गॅनिमीडची जवळजवळ एक, युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. तिघेही किंचित मागे, पण साधारण मागच्या बाजारच्या जागीच परतलेले आढळतील. सलग तीन-चार बाजार मांडले, की ते हळूहळू मागे रेंगाळत असल्याचेही कळेल, आणि आयो इतरांपेक्षा जास्त रेंगाळतो हेही. चौथा ठिपका दर वेळी भलतीकडेच असेल. तो कॅलिस्टो.